हलता कॅमेरा

बाहत्तराव्या वर्षी हेडाऊंनी
भुतांना पांढऱ्या साड्या नेसवणं सोडलं
आणि कुणाच्या तरी सापडलेल्या मोबाइलमधून
इतवारीत मेलेली माणसं उठवली.

मध्यंतरात, सदरच्या टॉकीजबाहेर,
तर्रीवर शेव भुरभुरत भोजराज म्हणाला,
"बुढ्यानं कमाल केली बे."
चेतनचं डोकं अजून गरगरत होतं.
"कमाल कायची?
पळता पळता कोणी शूटिंग करते का?
मी तं आधी मोबाइल फेकतो."
पराते मास्तर गप्पच.
त्यांना हेडाऊंचा तो जुना, विहिरीचा सिनेमा हवा होता,
ज्यात दीड तास काहीच दिसत नाही
आणि माणूस आठवडाभर
पाण्याला एकटा जात नाही.

मला विचाराल तर अर्धा आवडला.
मे महिन्यात दुपारी दोनला
इथं तसेही सगळे तसेच चालतात.

कुसुमताई निखारे मात्र चौथ्यांदा आल्या होत्या.
त्यांचे मिस्टर त्या गर्दीत आहेत :
तीनशे रुपये रोज, वर जेवण,
गालावर साबुदाण्याची जखम.
शूटिंग संपलं, दिवाळीत ते गेले.

मोजून अकरा सेकंद.
संत्र्याच्या पेट्यांमागून निघतात
डावा पाय ओढत
(तो ओढायला कुणी शिकवलं नव्हतं)
आणि थेट आपल्याकडे येतात.
सगळं थेटर किंचाळतं.
कॅमेरा धरणारा पोरगा मागे पळतो.

"कसा वाटला?" मी विचारलं.
पर्सची चेन लावत म्हणाल्या,
"चांगला आहे जी.
फक्त त्या पोट्ट्यानं
जरासं थांबाले पायजे होतं."