ओठाला नाही, पोटाला

दहिवेल फाट्यावर, मुनाफ पिंजारीच्या शेडमध्ये
विंच तीन दिवस नुसती जमिनीवर.
भुसावळच्या भंगारातून किलोवर घेतलेली,
ड्रमवर कुणीतरी हाताने रंगवलेला नंबर,
अर्धाच उरलेला.

मे महिना. दुपारी चेसीला हात लावू देत नाही,
म्हणून आम्ही दिवसा बोलतो
आणि रात्री खडूने आखतो.

मी म्हणतो, पुढे लावू. बंपरवर. दिसते तरी.
मुनाफ रेडिएटरकडे बघत राहतो.
मग म्हणतो, घाटात श्वास कोंडेल तिचा.
बरं, मागे? अगदी शेपटाला?
तर झुलाल, आमचा क्लीनर, पाना खाली ठेवून:
"म्होरला चाकं उचलाई जातीन, भो.
मंग स्टेरिंग काय नुसतं धराले?"

उरते केबिनच्या पाठीमागची जागा.
तिथे फाळका कापायचा, दोर सबंध गाडीच्या अंगावरून न्यायचा,
शेवटाला रूळ. म्हणजे आणखी अकरा हजार.
"मग वेल्ड तरी मार," मी म्हणालो,
"संध्याकाळी सुटतो मी."

मुनाफने चहाचे ग्लास उचलले
आणि ते रोज ज्यावर ठेवतो ती पत्र्याची पाटी उलटी केली.
हिलाल आबाच्या गाडीची प्लेट.
कोंडाईबारीत केळीचा ट्रक वर घेताना
विंच उखडली, दोर सुटला
आणि कडुनिंबात वीतभर रुतला.
आबा लघवीला गेले होते, म्हणून आहेत.

"वेल्ड बघ."
वेल्ड शाबूत. टाका न् टाका जागेवर.
फाटलं होतं ते त्याच्या शेजारचं लोखंड,
ज्याला नुसती आच लागली होती.

मी त्या काठावर बराच वेळ अंगठा फिरवला.
घरचं काहीतरी आठवलं. ते इथे नको.

मग बोल्टच. बारा. दोन्ही बाजूंना जाड चॅनल.
"भोकं वरच्या ओठाला नाही, पोटाला पाडायची,"
ड्रिलवर वाकून मुनाफ,
"ओठात एक, पोटात एक माणसाचं चालतं. चेसीचं नाही."
झुलालने टॉर्च धरलेला. किडे. लोखंडाचा गरम कीस
त्याच्या चपलेत.
"पण हाई कोणले वढी, चाचा?"
"आधी आपल्याच गाडीला," मुनाफ म्हणाला.
"ती जागची हलली नाही, तर मग समोरच्याला."

रंग ओला असतानाच फोन आला.
मोरकरंज्याच्या वळणावर सिमेंटचा टँकर, रात्री दोन.
ओढला. काही झालं नाही.
ते सांगण्यासारखं नाही.

सकाळी परत शेडवर. त्याने तसं बजावलंच होतं.
मुनाफ गाडीखाली सरकला, फक्त पाय बाहेर,
पाना लावत गेला एकेका बोल्टला.
अकरा हललेच नाहीत.
बारावा फिरला,
पाव फेरा.