मीठ तेच

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव रंगतो
तेव्हा कौसाबाई दोरकुळकरचा आवाज
दीपगृहापर्यंत जातो म्हणतात.
एका पाटीमागं तिनं एकदा दलालाला
साडेतीनशेनं खाली ओढलं होतं,
वर चार बांगडे फुकट.

आमच्या काउंटरसमोर मात्र
ओला पदर पिळत उभी राहते.
औषधाला बोली लागत नाही.
किंमत छापूनच येते,
आणि मुश्ताकभाई परकारांची दहा टक्के सूट
दारावरच्या पाटीवर उन्हानं पुसत चाललेली.

नवऱ्याच्या छातीत स्प्रिंग आहे.
रत्नागिरीला बसवली, योजनेत, पिवळ्या कार्डावर.
एक रुपया लागला नाही, ती सगळ्यांना सांगते.
घरी सोडताना हातात चिठ्ठी दिली:
पाच गोळ्या, जन्मभर.
जन्मभर योजनेत बसत नाही.

विमा आहे, तसा.
होडीचा.
सोसायटीनं कर्ज देतानाच काढायला लावला,
इंजिनाच्या नंबरासकट.
तांडेलाचा नंबर कुणी विचारला नाही.

"सात-सात दे," ती म्हणते.
मी कात्री घेतो.
नाव आणि तारीख दुकानाच्या तुकड्यावर राहिली पाहिजे,
हे मला पहिल्या दिवशी शिकवलं.
तिच्या हाती नुसती चांदी जाते,
बिननावाची, सात दिवसांची.
मासळी कमी लागली तर चार दिवसांची.
बंदीच्या दोन महिन्यांत ती येतच नाही.
धर्मा तांडेल पडवीत जाळं विणताना दिसला
की मी सायकल हळू करतो,
छाती वरखाली होतेय ना, बघून घेतो.

एका दुपारी मुश्ताकभाई नमाजाला गेलेले.
मी म्हटलं, मावशी, दापोलीला
एसटी स्टँडच्या मागं जेनेरिकचं दुकान आहे.
ह्याच गोळ्या. सातशेच्या दीडशेला.
"स्वस्त म्हणजे शिळ्या?"
नाही गो. कंपनी वेगळी. सॉल्ट तेच.
"काय तेच?"
मीठ, मी म्हटलं. दुसरा शब्द सुचेना.

ती हसली. दुकानात पहिल्यांदाच.
"मेल्या, डॉक्टरनं मीठ तोडलंय त्याचं,
नि तू मिठाच्या गोळ्या सांगतोस?"
मग गप्प झाली, स्वतःच्या बोटांकडे बघत,
तीस वर्षं सुरमईला मीठ भरून भेगाळलेल्या.
"बरणी कुणाची का असंना,
मीठ चोख असलं की खारं टिकतं.
एवढंच ना?"
एवढंच.

मी बिलाच्या पाठीवर तोडून तोडून लिहिलं:
क्लो-पि-डो-ग्रेल.
ॲ-टोर-व्हा-स्टॅ-टिन.
खाली आणखी तीन.
तिनं मोठ्यानं वाचलं,
जाळ्यात कधी न आलेल्या माशाचं नाव घ्यावं तसं,
आणि कागद कनवटीला खोचला.
डॉक्टरला सांग, कंपनी नको, हे लिहा.
"नाही लिहिलं तर?"
तर लिलावातला आवाज काढ.

त्यानंतर ती दुकानात आली नाही.
आली ती पाजपंढरीची एक, दोन लेकींसह.
मग आंजर्ल्याचे निवृत्त पोस्टमन.
मग बर्फाच्या कारखान्यातला पोरगा, आईसाठी, कुजबुजत:
"ते मिठाचं नाव लिहून देता म्हणे."
मी लिहीत गेलो.
रात्री गल्ला मोजताना नोटा लवकर संपायच्या
आणि मी मुश्ताकभाईंच्या चष्म्याकडे बघणं टाळायचो.
माझा पगार त्याच गल्ल्यातून निघतो.

काल शटर ओढण्याआधी
त्यांनी वहीतून मान वर न करता विचारलं,
"दोरकुळकरीण दिसत नाही हल्ली?"
मी कात्री पुसत राहिलो.
बाहेर बर्फाचा टेम्पो पाणी गाळत गेला.
"पेनानं लिहू नकोस," ते म्हणाले.
"बायकांच्या कनवटीला ओल असते. शाई फुटते."
आणि कानामागची पेन्सिल काढून
काउंटरवर ठेवली.