आढळलेलं ठिकाण

डाग पहिल्यांदा दिसला तो बांधापलीकडं,
भरमा मुचंडीकराच्या बटाट्यात, तिसऱ्या सरीला.
मंगळवार होता, उजाडलं नव्हतं नीट.
पान उलटं केलं तर खाली पांढरी लव,
शिळ्या भाकरीवर धरते तशी.
ऊन वर आलं असतं तर पुसूनही गेली असती.

शिवलीला मॅडमनी सांगितलेलं,
फोटो घेताना शेजारी रुपया ठेवा, आकार कळतो.
कमरेला चिल्लर नव्हती.
अंगठ्याचं नख ठेवलं.

आमच्यात पिकाचा रोग कुणी मोठ्यानं बोलत नाही.
पोरगी बघायला पाहुणे यायच्या आठवड्यात
घरातला खोकला दाबून धरतात, तसं.
अडत्याच्या कानावर गेलं
की पोत्यामागं पन्नास कमी झालेच,
आणि वर तोच म्हणणार, यंदा धुकं लई पडलं की.

फॉर्म कन्नडात. पोरगा वाचून दाखवत होता.
बटाट्याला आलूगड्डे, पानाला एले,
आणि रोगाला रोगच.
या एका शब्दावरनं दोन भाषांचं
कधी भांडण झाल्याचं ऐकलं नाही.

मग तो रकाना आला. आढळलेलं ठिकाण,
त्याच्याखाली सर्वे नंबर.
पोराचं बोट थांबलं. 'कुणाचा घालू?'
दारासमोर नळावर
भरमाची इंदू कळशी लावून उभी होती.
परवाच तिनं अर्धा डबा शेंगतेल दिलेलं,
आणि डबा अजून परत द्यायचा होता.
मी म्हटलं, आपला घाल.

रात्री कोवाडला बहिणीला फोन लावला.
ती म्हणाली, 'आमच्यात आठ दिस झाले की गं.
इथल्या साहेबाला कळवलो आम्ही.'
तिचं इथलं म्हणजे आमचं तिथलं.
तिथला साहेब इथल्या मॅडमना कशाला सांगेल?
रैत संपर्क केंद्राच्या भिंतीवरचा नकाशा
हद्दीपाशी कात्रीनं कापल्यासारखा थांबतो,
पुढं नुसता पांढरा कागद.
आभाळ भरलं की वारं त्या पांढऱ्यातूनच येतं,
ओलं, थेट आमच्या सऱ्यांवर.
मी विचारलं, मग आम्हाला का नाही सांगितलंस?
ती गप्प. मग म्हणाली,
'तुम्हाला भिववायचं कशाला म्हटलं.'

शुक्रवारी मॅडम स्कूटीवरनं आल्या.
सलवार चिखलातनं वर धरून
सरीन् सरी चालल्या.
'अक्का, कुठं बघितलात?'
मी हात केला, कुठंतरी, विहिरीच्या अंगाला.
त्या वाकल्या. पान उलटं केलं.
दुसरं केलं. मग मलाच बोलावलं.

मी दाखवलेल्या जागेपासून चार हातांवर
पांढरी लव.
माझं खोटं तीन दिवसांत खरं झालं होतं.
लपवत नाही, आधी हलकं वाटलं मला,
चोरी पकडली जाणार नव्हती म्हणून.
मग पोटात गोळा आला.

मॅडम बांधावर उभ्या राहून
पलीकडं बघत राहिल्या बराच वेळ.
तिसरी सरी तिथनं स्पष्ट दिसते,
करपलेली, उकळतं पाणी ओतल्यासारखी.
वहीत काहीतरी लिहिलं. विचारलं नाही.
गाडीला किल्ली लावताना एवढंच म्हणाल्या,
'शेजारच्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?'

संध्याकाळी डबा घासूनपुसून घेतला
आणि नळावर गेले.
इंदू, म्हटलं, तुमच्या तिसऱ्या सरीला—
'ठाऊक हाय,' ती कळशीकडंच बघत म्हणाली,
'सोमवारीच बघितलो मी.'
पदराला हात पुसून तिनं मोबाईल पुढं केला.
पान होतं. लव होती.
शेजारी रुपया नीट ठेवलेला, छापा वर.
'पाठवलो नाही,' म्हणाली.

मी म्हटलं, चल, पोराकडनं भरून घेऊ आत्ताच.
ती डबा हातात घेऊन उभी राहिली.
'आणि नंबर?' म्हणाली. 'नंबर कुणाचा?'