चिकटलेलं सुटतं का

व्हॅक्सिन डेपोच्या झाडांपलीकडे आमची लॅब.
मी नंदगडहून येते. बसचा बोर्ड कानडीत,
डोळे कानडी वाचतात,
डोक्यात गावाचं नाव मराठीतच उमटतं.

आज अंबिका मुतगेकर, नवी शिकाऊ,
नळी उजेडाकडे धरून विचारते,
"बाई, चिकटलेलं सुटतं का ओ परत?"

नळीत काही दिसत नाही.
तरी मी बोट ठेवून सांगते:
विषाणू मेलेला नाही यात.
ज्या खुंट्यांनी तो पेशीला धरतो
त्या खुंट्यांवर प्रतिपिंडं बसलीत.
बैलाला मुसकी घालावी तशी.
दात शाबूत, भूक शाबूत,
फक्त कणीस तोंडात येत नाही.

यरगट्टी मॅडम मागून म्हणतात, "आगतद."
होतं. पहिल्या काही मिनिटांत
नुसतं पाणी वाढवलं तरी काही सुटतात.
रात्र एकत्र काढली, की मग आम्लच लागतं,
आमसुलाच्या पाण्याहून आंबट.

आणि जपून हं.
लाळ-खुरकुताचा विषाणू आम्लात स्वतःच फुटतो,
मुसकी हातात राहते, बैल नाही.
हा आमचा आतड्यातला,
आंबटाला न भिणारा.

सोडवला. प्रतिपिंडं वेगळ्या नळीत काढली.
आम्ल मारलं, पेशींच्या थरावर ओतलं.
तिसऱ्या दिवशी जांभळ्या रंगात पांढरी भोकं.
अंबिकेने मोजली: सत्तेचाळीस.
पुन्हा मोजली. सत्तेचाळीसच.
न सोडवलेल्या थाळीत चार.

ती जरा गप्प झाली.
"म्हणजे लस घेतलेल्याचं पण असं...?"

रक्तात आम्ल कोण ओतणार, पोरी?
तिथं बांधलेल्याला भक्षक पेशी गिळते,
गिळलेलं सहसा परत येत नाही.
एखादा तिथूनही निसटतो,
ते पुढच्या महिन्यात.

वहीत मी आकडे मांडले,
मॅडमनी शेजारी सही केली, त्यांच्या गोल अक्षरात.

हात धुताना ती दुसरी नळी आठवली.
तिच्याबद्दल अंबिकेने विचारलंच नव्हतं.
सुटलेली प्रतिपिंडं. तीही शाबूत,
दोन्ही हात मोकळे,
समोर येईल त्यात तोच एक आकार चाचपणारी.

परत गेले. नळीवर तारीख घातली,
फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली,
विषाणूपासून दोन कप्पे लांब.

साडेसहाची नंदगड गेली होती.
पुढची आठला.