टण्ण

शाळेत मी राज्यशास्त्र शिकवतो. नववीला.
प्रकरण पहिलं: सत्ता येते कुठून.
फळ्यावर तीन चौकोन काढतो, मधे बाण,
आणि मागच्या बाकावर दर वर्षी
वेगळ्या नावाचं कुणीतरी जांभई देतं.

त्या डिसेंबरात त्याच वर्गात, पडद्याआड,
तीन रंगांची तीन पिंपं उभी होती
आणि केंद्रप्रमुख म्हणून माझ्यापुढे काचेच्या गोट्यांचा डबा.
आमच्या गाम्बियात तेव्हा गोटीनं मत द्यायचे.
नळीतून गोटी घरंगळते, आतल्या घंटीवर आपटते:
टण्ण.
एका माणसाचा एकच टण्ण.
दुसरा ऐकू आला तर मी खुर्ची सोडायची.
म्हणून तर केंद्राच्या आसपास सायकल आणायला बंदी.

हे सांकुंगला कोण सांगणार?
पावाची टोपली कॅरिअरला बांधून
तो पोरगा कुंपणाला खेटून गेला, घंटी वाजवत,
नेमकी तेनेंग दार्बो पडद्याआड असताना.

तेनेंग बाहेर आली. बोटाला शाई,
पायाला भातखाचराचा वाळलेला चिखल.
"माझी वाजली नाही."
"वाजली, आजी."
"ती सायकल होती."

खरं सांगतो, मलाही कळलं नव्हतं.
दुसरी गोटी द्यावी, तर कदाचित तिची दोन मतं.
न द्यावी, तर कदाचित एकही नाही.
तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी माझ्या हाताकडे बघत होते.
तेवढा वेळ मी म्हणजेच घटना होतो,
आणि घटनेला घाम फुटला होता.

मी डबा झाकला.

ती भांडली नाही. आंब्याखाली जाऊन बसली,
संध्याकाळपर्यंत, शेंगदाणे सोलत,
ज्याला त्याला सांगत: मास्तरनं माझं मत सायकलला दिलं.

दिवेलागणीला पिंपं उघडली.
दोनशे भोकांच्या फळीवर गोट्या मांडल्या,
एक फळी भरली, दुसरी भरली, वर बारा.
यादीवर खुणा किती? चारशे बारा.
पुन्हा मोजल्या. चारशे बारा.

मी धावतच आंब्याखाली गेलो.
"आजी, तुझी गोटी आहे!"
"कुठली?"
"ते नाही सांगता येत."
"म्हणजे तुला ठाऊक नाही."
"मला काय, कुणालाच नाही. कधीच कळणार नाही."

ती उठली, पदरातली टरफलं झटकली.
तिनं कुणाला दिलं होतं कोण जाणे;
निकाल ऐकून तोंड मात्र वाकडं केलं.
"चारशे बारांत एक," म्हणाली,
आणि जाताजाता:
"त्या पोराच्या सायकलला तेल घाल म्हणावं. चाक कुरकुरतं."

सोमवारी पुन्हा फळा. तीन चौकोन, बाण.
बाण काढता काढता खडू थांबला.
बाहेर कुठेतरी घंटी वाजली होती,
आणि मागच्या बाकावरच्यानं
जांभई अर्ध्यात सोडून विचारलं,
"सर, ही मोजायची?"