अकरा हजार चौसष्ट

प्रज्वल नंदनवार सकाळी आठलाच आला,
फाइल पोटाशी धरून, दुसऱ्याचं तान्हं बाळ धरावं तशी.
"ताई, खरं खरं सांगा वो,
तुमची एम.एस्सी. वसूल झाली का?"

वसूल.
हा शब्द आजवर बँकेच्या माणसाकडूनच ऐकला होता,
तोसुद्धा आधी पाणी मागायचा, मग म्हणायचा.

गोळीबार चौकात पोह्यांच्या गाडीवर नेलं त्याला.
घरी बोलता आलं नसतं. घरी बाबा कूलर उघडून बसलेले,
एप्रिल म्हणजे त्यांची दिवाळी.
वाळ्याच्या ताट्या, गळके पंप, जळक्या मोटारी,
चार महिन्यांत बारा महिन्यांचं कमवायचं.
हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला,
त्याला ऋतू नाही.

सात लाख घेतले होते.
शिकत होते तेव्हा वाटायचं, कर्ज झोपलंय.
झोपलं नव्हतं. मी नकाशे रंगवत बसायची
आणि ते रात्री उठून खात होतं.
नोकरी लागली त्या दिवशी तोलून पाहिलं,
सव्वाआठ भरलं.
आता अकरा हजार चौसष्ट, दहा वर्षं. पगार सव्वीस.
हिंगण्याच्या लॅबमध्ये लोकांच्या बोअरचं पाणी
बाटल्यांतून येतं, मी त्यातलं फ्लोराइड मोजते.
शेजारच्या टेबलावर ज्योत्स्ना पराते तेच मोजते,
नुसत्या बी.एस्सी.वर. पगार तेवीस.
तीन हजारांचा फरक, प्रज्वल,
बघ भागून.

त्यानं खरंच मोबाइल काढून भागलं.
मग काही बोलला नाही,
तर्रीत चमचा फिरवत राहिला.

पण एक गोष्ट आहे, ती भागाकारात येत नाही.
ह्या शहराच्या पोटातून एक रेघ जाते.
सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची,
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्ह्याची.
तिथून पूर्वेला आपल्याकडं येत राहिलं, की कुठंतरी
तो काळा थर संपतो
आणि खालचा पट्टेदार दगड वर येतो, दीडशे कोटी वर्षांचा.
ऑटो त्यावरून जातात, कुणाला धक्का बसत नाही.
पहिल्या सुट्टीत आले तेव्हा बाबांना सांगितलं.
हातात वाळा तसाच, ते फरशीकडं बघत राहिले.
"आपल्या दुकानाखाली?"
हो.
"आन् आपण भाडं भरून राहिलो?"

तेव्हापासून गिऱ्हाइकाला उभं करून सांगतात,
दीडशे कोटी, माझ्या पोरीनं शोधलं.
मी नाही शोधलं, बाबा, पुस्तकात आहे,
कितीदा सांगितलं.
मोटार बांधून होईस्तोवर गिऱ्हाईक ऐकतं,
मग विचारतं, पोरगी काय करते आता?

तर तुला हो म्हणू, तर आईची दाढ आहे.
दोन वर्षं लवंगेवर चाललीय ती,
पुढच्या महिन्यात दाखवू म्हणते, दर महिन्याला.
नाही म्हणू, तर मीच खोटी.
परवा फुटाळ्याकडं रस्ता खोदून ठेवला होता,
गाडी लावून एक दगड उचलला,
थुंकी लावून पुसला, कडेवर बोट फिरवलं,
आणि पाच तारीख विसरले.
मिनिटभर असेल. मागून हॉर्न वाजेपर्यंत.

फॉर्म दाखव म्हटलं.
जामीनदाराच्या रकान्यात त्याच्या आईचं नाव,
अंगणवाडीत मदतनीस, आणि तेवढंच पेन्सिलीनं.
"अजून नक्की नाही म्हणून," तो म्हणाला.
खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती,
शिकत असतानाचं व्याज दरमहा भरणार का.
इथं हो लाव, म्हटलं. पाचशे जमले तर पाचशे भर,
माझ्यासारखं झोपू देऊ नको त्याला.

त्याचा चेहरा उजळला.
"म्हणजे घेऊ म्हणता?"

गाडीवाला प्लेटी मागून राहिला होता.
मी विचारलं,
आईचे दात कसे आहेत रे तुझ्या?