पाळणा लांबवताना

पालच्या उपकेंद्रात मंगळवारी
मी रजिस्टर भरते : नाव, वय, कितवं, मागचं केव्हा.
झुनकी बारेला. बावीस. चौथं. मागचं चौदा महिन्यांचं.
भिंतीवरच्या तक्त्यात तीन वर्षांचं अंतर हसतंय,
त्याखाली झुनकी.

गोळ्या, तांबी, इंजेक्शन सांगून झालं,
आणि मग काय सुचलं कोण जाणे, म्हटलं,
समुद्रापलीकडे एक वानर आहे,
वानर कसलं, तिथले लोक रानातला माणूसच म्हणतात.
मादी पंधराव्या वर्षी पहिल्यांदा विते.
"मीबी," झुनकी म्हणाली.
आणि मग सात-आठ वर्षं दुसरं नाही.
तिनं पेरांवर मोजलं.
"नवरा काही म्हनत नाय?"
तो एकटाच हिंडतो. भेटला तर भेटला.
"अन् सासू?"
ती इतकी हसली की पोट धरून बसली.

हे सगळं चार्वीच्या पुस्तकातलं.
पन्नासेक वर्षांच्या जन्मात चार पिल्लं, फार तर पाच.
रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवं अंथरूण,
कालचं शक्यतो नाही.
पिल्लू कुशीत, केसांना धरून,
कुठलं फळ कधी पिकतं, कुठली साल कडू,
रान तोंडपाठ होईस्तोवर.

आमच्याकडे केळीचं सोपं आहे.
एक घड, की कोयता.
बुडाशी पील तयारच असतं, पिलबाग धरायची,
सावद्याला गाडी भरायची.
माणसांना वाटतं बाईचंही तसंच.
लग्न असो, तेरावं असो,
वरणबट्टी वाढता वाढता दहा वर्षं विचारलं मला,
एकच? दुसरं केव्हा?
पुस्तक उशिरा आलं घरात.
नाहीतर सांगितलं असतं एखादीला.

चार्वी जूनमध्ये भुसावळला जाईल, वसतिगृहात.
पुस्तकात लिहिलंय, लेकी लांब जात नाहीत,
आईच्या रानाला लागूनच आपलं रान धरतात.
मुलगे जातात दूर.
ते पान मी दोनदा वाचलं.
रात्री तिनं झोपेत पाय टाकला माझ्या पोटावर,
दहा वर्षांचा, जड पाय.
मी हलले नाही.

पुढच्या मंगळवारी झुनकी दारातूनच,
"ताई, त्या बाईला तांबी कोन बसवतं?"
कोणी नाही गं.
ती पाजत राहते. मागून कोणी हाक मारत नाही.
झुनकी उभीच राहिली थोडा वेळ,
कडेवरच्याचं नाक पदरानं पुसत.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
समुपदेशन केले.